केसपेपरवरचा ‘व्यवसाय’ हा रकाना: पशुसंवर्धन आणि आरोग्य खात्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्याचं पशुसंवर्धन खातं आणि सार्वजनिक आरोग्य खातं, दोन्हींच्या प्रमुखांस

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र दोन्ही खात्यांना एकत्रच लिहिते आहे, कारण माझ्या वडिलांचा, आप्पांचा, जनावरांतून आलेला ब्रुसेलोसिस हा आजार तुमच्या दोन खात्यांच्या मधल्या बांधावर उगवला आणि दोघांनीही तो आपल्या रानातला नाही असं धरलं.

आप्पांनी विशेष विकलांगता रजेसाठी केलेला अर्ज गेल्या महिन्यात परत आला. सोबत एका ओळीचं उत्तर होतं: सदर आजार कर्तव्य बजावताना झाल्याचा पुरावा जोडलेला नाही. आप्पांना आता ऐकू येत नाही, म्हणून मी ती ओळ वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वाचली. चष्मा काढून मांडीवर ठेवला, सदऱ्याची बाही वर सारली आणि उजवा हात खांद्यापर्यंत माझ्यापुढे धरला. बोलले काहीच नाहीत.

तो हात म्हणजे काय, हे तुम्हाला कळावं म्हणून पुढचं लिहिते.

आप्पा माणदेशातल्या एका गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारे कर्मचारी. सत्तावीस वर्षं नोकरी. म्हैस व्याली आणि वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, आतच अडकली, की ती हाताने सोडवावी लागते. सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकलेला असेल, तर वार बहुतेक वेळा अडकतेच. साहेब सही करतात, सल्ला देतात. हात घालायचा तो आप्पांनी. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे मोजे कृत्रिम रेतनापुरते मोजून येत. ते संपले की आप्पा हाताला साखरेची रिकामी पिशवी चढवून दंडाला रबर लावत. पिशवी फाटली की साबण, खोबरेल तेल आणि उघडा हात. संध्याकाळी घरी आले की दारातल्या दगडावर बसून अर्धा तास हात घासत, त्याशिवाय आम्हा भावंडांना जवळ येऊ देत नसत. डेटॉलने त्यांच्या नखांच्या कडेची कातडी कायम चिरलेली असायची. त्या चिरांतूनच तो जंतू आत गेला असणार, असं मला आज वाटतं.

जंतूचं नाव ब्रुसेला. जनावरांत याच्या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी शेवटच्या महिन्यांत गाभडते, आणि पडलेल्या गर्भात, वारेत, पाण्यात हे जंतू खच्चून भरलेले असतात. माणसात ते कातडीच्या चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातून, न तापवलेल्या दुधातून येतात. मग ताप चढतो-उतरतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, कंबर आणि सांधे धरतात. शरीराच्या ज्या पेशींनी जंतू खायचे, त्यांच्याच पोटात हा दडून बसतो, म्हणून औषध आठवड्यांनी मोजून द्यावं लागतं. आणि शंभरातल्या चार-पाच रुग्णांत तो मेंदू, मेंदूची आवरणं, मज्जारज्जू आणि कानाच्या नसांपर्यंत पोचतो. त्याला न्यूरोब्रुसेलोसिस म्हणतात. हा शब्द मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एका रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून पहिल्यांदा ऐकला.

२०२२ च्या आषाढात आप्पांना ताप सुरू झाला. गावच्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून सलाइन लावलं. मग डेंग्यूची तपासणी, मलेरियाची तपासणी. ताप आठ दिवस गायब व्हायचा आणि पुन्हा यायचा. दिवाळीपर्यंत आप्पांचं चौदा किलो वजन उतरलं, तरी ते कामावर जातच होते. दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं. चालताना तोल जाऊ लागला. लोकांना वाटलं, प्यायला लागले. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्यांच्याच वस्तीवर पोरं त्यांच्याकडे बघून हसली, हे मी विसरणार नाही.

मग कान गेले. आप्पा म्हशीच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून आणि कान टेकवून पोटाची हालचाल सांगायचे; नळी क्वचितच वापरायचे. एका सकाळी ते शेजाऱ्यांच्या गोठ्यात खूप वेळ कान टेकवून उभे राहिले आणि आईला म्हणाले, “हिचं पोट बंद पडलंय.” म्हैस समोर रवंथ करत होती.

मोठ्या रुग्णालयात पाठीतलं पाणी काढलं. त्यात लिंफोसाइट पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली, साखर कमी. आपल्याकडे असा रिपोर्ट आला की डोळ्यांपुढे एकच नाव येतं: मेंदूचा टीबी. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली, सोबत स्टेरॉइड. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. मेंदूच्या टीबीत खात्री होईपर्यंत थांबलं तर माणूस हातचा जातो, आणि टीबी आपल्याकडे घरोघरी आहे. तीन आठवड्यांत आप्पांचा ताप गेला, जेवू लागले. आम्ही पेढे वाटले.

पण टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन हे ब्रुसेलावरही चालतं. लघवी लालसर करणारी तीच गोळी. एकटी ती रोग मुळापासून काढत नाही, फक्त काही काळ दाबते. त्यामुळे आराम पडतो आणि चुकीचं निदान बरोबर वाटायला लागतं. आमच्याबाबतीत हेच झालं. चौथ्या महिन्यापासून आप्पा पुन्हा खाली यायला लागले. नावं विसरू लागले. गोळ्या चुकवत असतील, असं आम्हाला ऐकवलं गेलं. आई गोळ्या मोजून, स्वतःच्या हाताने देत होती, रिकामी पाकिटं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत होती. तो डबा तिने वॉर्डात नेऊन टेबलावर उपडा केला.

शेवटी एका रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर मुलीने फाईल चाळता चाळता मला विचारलं, “हे काम काय करतात?”

एवढाच प्रश्न. ताप आल्यापासून त्या दिवसापर्यंत अकरा महिन्यांत, पाच दवाखान्यांत, तो कुणी विचारला नव्हता. मी घरी जाऊन सगळे केसपेपर काढले. प्रत्येकावर ‘व्यवसाय’ असा रकाना छापलेला आहे. तीन कागदांवर तो कोरा. एकावर ‘नोकरी’. एकावर ‘शेती’. एकाही कागदावर ‘गुरांचा दवाखाना’ हे दोन शब्द नाहीत.

रक्ताची ‘रोज बेंगाल’ नावाची तपासणी केली. गुलाबी रंगाच्या द्रावणाचा एक थेंब, रक्तद्रवाचा एक थेंब, चार मिनिटं हलवायचं. गाठी धरल्या तर ब्रुसेलाचा संशय पक्का. पुढच्या तपासण्यांनी, पाठीतल्या पाण्याच्याही, खात्री झाली. सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं, डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन, सहा महिने. आप्पांचा ताप परत आला नाही. डोकं ताळ्यावर आलं. काठी घेऊन चालतात. कान परत आले नाहीत, येणारही नाहीत.

आणि आता जे मला सर्वांत जास्त बोचतं ते सांगते. हीच गुलाबी थेंबाची तपासणी जनावरांच्या रोगनिदानात वर्षानुवर्षं चालते. आप्पांनी स्वतः म्हशींच्या मानेतून रक्त काढून, नळ्यांवर चिठ्ठ्या लावून, या तपासणीसाठी नमुने पाठवलेले आहेत. म्हशीला जी तपासणी ठाऊक होती, ती तिच्या गर्भाशयात हात घालणाऱ्या माणसाला मिळायला अकरा महिने लागले.

याची उमज जगाला काल-परवा पडलेली नाही. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांतच तो सापडला. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला. सैनिकांकडे कितीही बघितलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. ते शेळीकडे बघितल्यावर मिळालं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

आता माझं म्हणणं.

सर्वांत आधी आरोग्य खात्याला. तो रकाना भरा. दोन आठवड्यांहून जास्त चाललेला ताप असो, किंवा पाठीतल्या पाण्याचा टीबीसारखा दिसणारा रिपोर्ट असो, रुग्णाला काम विचारलंच पाहिजे. नुसतं ‘शेती’ लिहून चालणार नाही. घरी जनावरं आहेत का, वर्षभरात कुणी गाभडलं का, वार कुणी काढली, दूध कच्चं पिता का, हे विचारा. आमच्याकडे धारोष्ण दूध अंगी लागतं असं मानतात. आजोबा नातवाला धारेखाली उभं करतात. मेंढपाळ वाड्यावर असताना शेळीचं दूध तसंच पितात, कारण रानात प्रत्येक वेळी चूल पेटत नाही. यातलं काहीही ‘हो’ असेल तर ब्रुसेलाची तपासणी त्याच दिवशी करा. टीबीची औषधं थांबवा असं मी म्हणत नाही. त्यांच्या जोडीने करा. किमान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही तपासणी मोफत आणि रोज व्हायला हवी. आणि प्रयोगशाळेला आधी कळवा, कारण हा जंतू वाढायला वेळ घेतो, आणि बेसावधपणे हाताळला तर तपासणाऱ्यालाही धरतो.

पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती शेळ्या-मेंढ्यांबद्दल आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा द्यायची आहे. चांगली योजना आहे. आप्पांनी स्वतः त्यात कितीतरी पाड्यांना आणि रेडकांना धरून ठेवलं. पण ब्रुसेलाच्या या लसीत शेळी-मेंढी नाही, आणि माणसाला सर्वांत जोरात धरणारी जात, मेलिटेन्सिस, ती शेळ्या-मेंढ्यांचीच. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या राज्यात शेळ्या एक कोटीहून जास्त आहेत. ज्या घरात म्हैस परवडत नाही त्या घरात शेळी असते. ती चारायला पोर जाते, गाभडली तर निस्तरायला बाई जाते. केंद्राच्या कार्यक्रमाची वाट न बघता राज्याने निदान एवढं करावं: शेळ्या-मेंढ्यांचे कळप तपासावेत, आणि गाभ टाकला की नमुना घ्यायला माणूस यावा. पडलेला गर्भ आणि वार उकिरड्यावर फेकायची नाही, कुत्र्याला खाऊ द्यायची नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, हे वाड्यावस्त्यांवर जाऊन सांगावं. भिंतीवर भित्तिपत्रक लावून हे होत नाही. आमच्या वस्तीवर ते वाचायला कुणी थांबत नाही, मी तिथेच शिक्षिका आहे.

कर्मचाऱ्यांचं तर सरळ आहे. खांद्यापर्यंतचे मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात, फक्त रेतनाच्या हिशेबाने नव्हे, वार काढण्याच्या हिशेबाने. वर्षातून एकदा रक्ततपासणी. आणि लसीबद्दल: वासरांना देतात ती एस-१९ ही लस जिवंत जंतूंची आहे. वासरू उडी मारतं, सुई टोचणाऱ्याच्या बोटात घुसते, हे प्रत्येक मोहिमेत घडतं. अशा वेळी २१ दिवस प्रतिबंधक औषध घ्यावं असं मार्गदर्शन परदेशात दिलं जातं. आप्पांना दोनदा सुई लागली होती. दोन्ही वेळा त्यांनी बोट पिळून रक्त काढलं, स्पिरिट लावलं आणि पुढचं वासरू धरलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आज जे खाजगी पशुसेवक टोचणीमागे पैसे घेऊन मोहिमेत राबतात, त्यांच्या मागे तर नोकरीचाही आधार नाही. त्यांचाही यात विचार व्हावा.

चौथी गोष्ट दोघांची मिळून आहे. आप्पांचं निदान झाल्यावर मी वाट बघत होते, की कुणीतरी येईल आणि विचारेल, कोणत्या वस्तीवर गेला होता, कोणत्या म्हशी होत्या. कुणी आलं नाही. माणसाचा रिपोर्ट माणसांच्या दवाखान्यात राहिला आणि म्हशी त्यांच्या गोठ्यात. माणसात एक रुग्ण सापडला म्हणजे जवळपास कुठेतरी रोगट जनावर आहे, आणि त्याच जनावरापाशी आणखी माणसं आहेत. खाटकाचं काम करणारे आहेत, गोठा झाडणाऱ्या बाया आहेत, त्यांत गरोदर बाया आहेत, ज्यांना या रोगाने गर्भपाताचा धोका आहे. म्हणून माणसातल्या प्रत्येक ब्रुसेला रुग्णाची सक्तीने नोंद व्हावी आणि आठवड्याच्या आत ती तालुक्याच्या पशुवैद्यकापर्यंत पोचावी. जनावरातली नोंदही उलट दिशेने आरोग्य केंद्रात यावी. टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. म्हणजे मनात आणलं तर हे जमतं.

राहिला तो पुरावा.

तुम्हाला पुरावा हवा आहे ना, तो तुमच्याच कपाटात आहे. गुरांच्या दवाखान्याच्या रुग्ण नोंदवहीत, फेब्रुवारी ते मे २०२२ या चार महिन्यांत, एकाच वस्तीवरच्या सात म्हशींपुढे ‘गर्भपात, वार अडकली’ असं लिहिलेलं आहे आणि उपचाराच्या रकान्यात ‘वार काढली’. अक्षर आप्पांचं आहे. मी त्या पानांच्या प्रती रीतसर मागून घेतल्या आहेत आणि नव्या अर्जाला जोडते आहे. एका वस्तीवर सात म्हशी गाभडल्या तेव्हा नमुने का गेले नाहीत, हे मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर देताना पुन्हा कुणा खालच्याच माणसाचं नाव पुढे येईल. मी एवढंच विचारते, की सातही वेळा ज्याचा हात आत होता, त्याला हा रोग कामावरून झाला नाही तर कुठून झाला? आमच्या घरी जनावर नाही. दूध आई तीन वेळा उतू घालवून तापवते.

१९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्याला जोडलेली व्यवसायजन्य आजारांची यादी मी वाचली. तिची पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची आहे, आणि त्यात पशुवैद्यकीय काम आणि जनावरं हाताळण्याचं काम स्पष्ट शब्दांत आहे. कुठला कर्मचारी कुठल्या कलमात बसतो, तो वाद वकिलांनी घालावा. पण जे काम करणाऱ्याला हा धोका आहे असं देशाच्या कायद्यानेच मान्य केलं, तेच काम सत्तावीस वर्षं करणाऱ्याकडे तुम्ही पुरावा मागू नये. व्रणोपचारक, परिचर, पशुधन पर्यवेक्षक, पशुवैद्यक आणि पशुसेवक यांना ब्रुसेलोसिस झाला तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरणारा शासन निर्णय काढा. आप्पांचा अर्ज त्याआधी मंजूर करा. त्यांची अर्जित रजा कधीच संपली आहे आणि घर माझ्या पगारावर चाललं आहे. पगाराची मला खंत नाही. परत आलेल्या कागदाची आहे.

एक शेवटचं, आणि हे तातडीचं आहे. गेल्या मंगळवारी माझ्या वर्गातली एक मुलगी उशिरा आली. तेरा वर्षांची आहे. म्हणाली, “बाई, शेळी गाभडली, आईने टाकून यायला सांगितलं.” तिने ते करडू हाताने उचललं होतं, उकिरड्यावर टाकलं होतं, आणि हात ओढ्यात धुऊन शाळेत आली होती. फ्रॉकच्या कडेला डाग होते. मी तिला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि शनिवारी स्वतः तालुक्याला नेऊन रक्त तपासलं. निगेटिव्ह आहे. पण रोग अंगात उतरायला आठवडे लागतात, म्हणून महिन्याभराने पुन्हा तपासायचं आहे. तिच्या घरी अजून चार शेळ्या गाभण आहेत. मी सरकारी आरोग्य केंद्रात सांगितलं. ते म्हणाले, शेळ्यांचं आमच्याकडे नाही. गुरांच्या दवाखान्यात सांगितलं. ते म्हणाले, मुलीचं आमच्याकडे नाही.

दोन्हीकडचा एकेक माणूस एकाच दिवशी त्या घरी पाठवा. पत्ता मी देते, सोबतही येते. त्या शेळ्या येत्या महिन्याभरात व्यायला होतील.

आपली नम्र,
एका व्रणोपचारकाची मुलगी